तुम्ही विचारलंत म्हणून: प्रीकास्टची भिंत गळते का?

‘भाऊ, ते कारखान्यातून भिंती आणून जोडलेलं घर पावसाळ्यात गळते ना?’ नागपुरात हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही पिच्छा सोडत नाही. विटांच्या घरांना दर जुलैत ओल येते, पण तिथे कुणी विटेला दोष देत नाही. असो. भिंत गळत नाही, दोन पॅनलांमधला, म्हणजे भिंतीच्या तयार तुकड्यांमधला सांधा गळतो. आणि तो गळतो, हे मला नाकारता येत नाही.

वर्धा रोडकडची एक सात मजली इमारत घ्या. बाहेरची पॅनलं 6 मीटर लांबीची, नकाशात सांधा 12 मिमीचा. क्रेनने बसवताना पॅनल थोडं इकडे, थोडं तिकडे सरकलं आणि काही ठिकाणी फट 6 मिमीच उरली. पुढे मे महिन्यात, भर दुपारी सीलंट, म्हणजे फट बुजवणारं रबरासारखं लुकण, भरलं. उन्हात पॅनलचा पृष्ठभाग 60 अंशांपर्यंत तापतो. काँक्रीट फुगलेलं असतं, म्हणजे फट सगळ्यात अरुंद असतानाच ती भरली गेली. जूनची पहिली सर आली आणि पॅनल 35 अंशांनी उतरलं. 6 मीटर काँक्रीट तेवढ्याने साधारण 2 मिमी आखडतं, तेवढीच फट उघडते. 25 टक्के ताण सोसणारं सीलंट 12 मिमीच्या सांध्यात 3 मिमी सहज सोसतं, 6 मिमीच्या सांध्यात फक्त दीड. फाटलं. ज्या पावसाला अडवायचं, त्यानेच दार उघडलं म्हणा ना.

फाटलेली पट्टी ओढून काढली तर आत बॅकर रॉडच नाही! फोमची ही दोरी फटीपेक्षा पाव पट जाड घ्यायची आणि आत दाबायची, म्हणजे सीलंट दोन्ही कडांनाच चिकटतं. ती नसली की सीलंट मागेही चिकटतं आणि मग त्याला ताणायला जागाच राहत नाही. कडांवर साच्याचं तेल तसंच होतं, सीलंट नीट चिकटावं म्हणून आधी लावायचा प्रायमर नव्हता. ठेकेदार म्हणाला, सीलंटच नकली. नव्हतं.

मीच पूर्वी सांगत असे की अचूक काम कारखान्यात होतं, साइटवर ‘फक्त’ जोडायचं. तो ‘फक्त’ आता गिळवत नाही. प्लायवूडचं शटरिंग वाचतं, प्लास्टर वाचतं, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख थोड्या सिमेंटच्या जागी खपते, हे सगळं आजही खरं. पण पॅनल 50 वर्षं टिकेल आणि सीलंट 10-15 वर्षांत बदलावं लागेल, तेही सातव्या मजल्यावर, झुल्यावर बसून. हा खर्च ‘हरित’ म्हणजे पर्यावरणाच्या बचतीच्या हिशेबात कुठल्या रकान्यात धरायचा? मी धरत नव्हतो. आता धरतो, तेव्हा आकडा काही ठिकाणी जमतो, काही ठिकाणी नाही.

फ्लॅट घेताय ना? मग गळते का ते विचारू नका. सांधा प्रत्यक्ष किती मिमीचा आहे आणि तो दिवसाच्या कुठल्या वेळी भरला, ते विचारा.