जुन्या मॅमोग्राफीची सीडी: माझा अनुभव

मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, दुखते का, असं हल्ली मला ओळखीतल्या सगळ्या बायका विचारतात. दुखते. दोन प्लेटांमध्ये स्तन दाबून धरतात, काही सेकंद श्वास रोखायला सांगतात, एका बाजूचे दोन असे चार फोटो काढतात आणि सोडतात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती दादरच्या एका डायग्नोस्टिक सेंटरच्या काउंटरबद्दल, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

वय ५१. त्रास काही नव्हता. मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला होता, म्हणून दोन वर्षांपूर्वी ऑफिसमधून येताना दादरला उतरून पहिली मॅमोग्राफी केली होती. रिपोर्ट नॉर्मल आला, फाइलला लागला. यंदा पुन्हा करायची म्हटल्यावर आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, "काही होतंय का? नाही ना? मग कशाला उकरून काढता?" मी म्हटलं, डॉक्टर, होत नाही तोवरच बघायची तपासणी आहे ना ही? हसले आणि चिठ्ठी लिहून दिली. या वेळी घराजवळ मुलुंडलाच एका हॉस्पिटलमध्ये केली. तिथलं सगळं सुरळीत झालं, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

रिपोर्टवर डाव्या बाजूला 'असिमेट्री', म्हणजे दोन्ही बाजू सारख्या नाहीत, आणि खाली 'बायरॅड्स ०'. शून्य बघून आमच्या घरात आधी आनंदच झाला. पण बायरॅड्स ही मॅमोग्राफीच्या रिपोर्टची प्रतवारी, आणि तिच्यातलं शून्य म्हणजे निकाल राखून ठेवलाय. १ आणि २ म्हणजे काळजीचं काही नाही, ३ म्हणजे बहुतेक साधंच आहे पण सहा महिन्यांनी परत बघू, ४ आणि ५ म्हणजे बायोप्सी, सुईने नमुना काढून तपासणं. शून्याचा अर्थ एवढाच, की आणखी फोटो किंवा सोनोग्राफी किंवा जुनी मॅमोग्राफी बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही. तिथल्या रेडिओलॉजिस्ट बाईंनी मला आत बोलावून पडद्यावर दाखवलं. डावीकडे वरच्या बाहेरच्या भागात एक पांढुरका पट्टा होता, उजवीकडे तसा नव्हता. "दोन वर्षांपूर्वीही हा असाच असेल तर फार चिंता नाही. नव्याने आला असेल तर मला शांत बसता येणार नाही. जुनी मॅमोग्राफी आणा."

घरी फाइलमध्ये रिपोर्ट होता आणि एका चकचकीत कागदावर चारही फोटो लहान करून छापलेले होते. बाईंनी तो कागद उजेडाकडे धरला आणि परत दिला. यावरून तुलना होत नाही, मूळ डिजिटल फोटो हवेत, डायकॉम म्हणतात त्यांना, सेंटरकडून सीडी घेऊन या.

झालं. दादर.

"सीडी तेव्हाच मागायची असते मॅडम."

काउंटरवरची मुलगी वाईट नव्हती. तिला शिकवलेलीच उत्तरं ती देत होती, पण दर वेळी नवीन. आधी म्हणाली, सिस्टीम बदलली, जुना डेटा नाही. मी म्हटलं, तसं लिहून द्या. मग म्हणाली, रिपोर्टची डुप्लिकेट देते, दोनशे रुपये. रिपोर्ट माझ्या हातात होता! तोच तिच्यासमोर धरून मी उभी होते. पुढच्या खेपेला, "तुमच्या डॉक्टरांचं पत्र लागेल." पत्र आणलं. "साहेब गुरुवारी असतात." गुरुवारी साहेब नव्हते. "हेड ऑफिसला मेल करा." मेलला उत्तर आलं, की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. अभिप्राय मी दिलाच नव्हता, मी माझे फोटो मागितले होते.

यातलं प्रत्येक उत्तर तोंडी होतं हे लक्षात घ्या. ऑफिसात वीस वर्षं इनवर्ड-आउटवर्ड बघितलेल्या बाईला एवढं तरी कळतं, की तोंडी नकाराला कोणाचीच सही नसते. आणि इकडे मुलुंडच्या रिपोर्टवर शून्य तसंच होतं. रात्री कूस बदलली की हात आपोआप डावीकडे जायचा. आमचे हे म्हणायला लागले, सोड ती सीडी, सरळ बायोप्सी करून टाकू. म्हणजे सेंटरच्या सर्व्हरमध्ये पडलेली गोष्ट त्यांना शोधायची नाही म्हणून मी सुई टोचून घ्यायची?

भाचा वकिली शिकतोय, त्याने रस्ता दाखवला. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाचे २००२ चे नियम आहेत, तेव्हाच्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने केलेले. रुग्णाने वैद्यकीय नोंदी मागितल्या तर त्या ७२ तासांत द्यायच्या, असं त्यात साफ लिहिलेलं आहे. मी पत्र टाइप केलं आणि काउंटरवर ठेवलं. आतून मॅनेजर आले, वाचलं आणि म्हणाले, "हे नियम डॉक्टरांना असतात हो, सेंटरला नाही."

म्हटलं, बरोबर. पत्र तुम्हाला लिहिलेलंच नाही.

पत्र त्या रेडिओलॉजिस्टच्या नावे होतं, ज्यांची माझ्या जुन्या रिपोर्टवर सही होती. सहीखाली त्यांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो, तो मी विषयाच्या ओळीतच घातला होता. बाकी मजकूर चारच ओळींचा: अमुक तारखेला, अमुक बिल क्रमांकाने माझी मॅमोग्राफी झाली, चारही प्रतिमा डायकॉम स्वरूपात हव्यात, पुढचे उपचार त्यावर अडलेत, देता येत नसतील तर कारण लेखी द्या. भांडणाचा एक शब्द नाही. कौन्सिलकडे तक्रार करीन वगैरेही लिहिलं नव्हतं, नोंदणी क्रमांक लिहिला की ते न लिहिता कळतं.

दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली तर शिक्का कुलपात. मग तारीख, वेळ आणि सही तरी करा म्हटलं आणि काउंटरसमोरच्या खुर्चीवर बसले. मागे रक्त द्यायला उपाशीपोटी आलेल्या लोकांची रांग, वर टीव्हीवर पाककृती चालू. थोड्या वेळाने शिक्का सापडला.

फोन आला, सीडी तयार आहे, पाचशे रुपये. पाचशेची पावती घेतली आणि म्हटलं, इथेच उघडून दाखवा. "मॅडम, चालते हो." दाखवा. बरीच कुरकुर झाल्यावर मला खाली तळमजल्यावर टेक्निशियनच्या खोलीत पाठवलं. कीबोर्डवर प्लास्टिकचं कव्हर, मॉनिटरच्या कोपऱ्यावर छोटा गणपती चिकटवलेला. पोराने सीडी आत सरकवली. माझं नाव आलं, तारीख आली. पहिला फोटो, उजवा, वरून घेतलेला. दुसरा, उजवा, तिरका. तिसरा नाहीच. डावी बाजू, जिच्यासाठी एवढं सगळं चाललं होतं, ती सीडीवर नव्हतीच.

त्याने काही न बोलता दुसऱ्या खिडकीत माझा बिल क्रमांक टाकला. चारही फोटो एका ओळीत उभे राहिले. नवी सीडी लिहून झाली, मार्करने नाव घातलं, परत उघडून दाखवली. चहा प्यायलाही याहून जास्त वेळ लागतो. मी विचारलं, डेटा गेला होता ना? तो म्हणाला, "कुठे जातोय ताई, सगळं सर्व्हरवर असतं. वरून कोणी खाली विचारतच नाय."

तेव्हा ज्या कोणी मॅमोग्राफी करणार असाल त्यांनी पैसे भरतानाच 'सीडीसकट' म्हणून सांगा, आणि ती तिथेच उघडून चारही फोटो मोजून घ्या. हल्लीच्या लॅपटॉपला सीडीचं तोंड नसतं. भाच्याने माझी कॉपी करून ठेवली आहे. काही ठिकाणी लिंक पाठवतात, पण ती काही दिवसांनी बंद पडते, आलेल्या दिवशीच उतरवून घ्या.

पुढचं लवकर सांगते. जुन्या फोटोत तो पट्टा नव्हता. म्हणजे नवा होता, म्हणजे बाईंना शांत बसता येत नव्हतं. त्या भागाचे जास्त दाबून आणखी फोटो, मग सोनोग्राफी, मग बायोप्सी. तिथे कोणीतरी आधी 'साध्या सुईने बघू' म्हणालं, तर मी विचारलं, त्याने पुरेसं कळेल का? बारीक सुईने नुसत्या पेशी येतात, कोअर बायोप्सीत तुकडा येतो आणि त्यावरून नीट निदान होतं, असं सर्जननी समजावलं आणि कोअरच केली. विचारलं म्हणून कुणाला राग आला नाही. भूल देतात, स्टेपलरसारखा टक् आवाज येतो, दोन दिवस काळंनिळं राहतं. रिपोर्ट साधा आला, कॅन्सर नाही. पाकीट उघडलं ते हॉस्पिटलच्या जिन्यातच, आणि तिथेच बसले. सहा महिन्यांनी परत बोलावलंय.

हो, एक राहिलं. त्या दिवशी पावडर, डिओ काहीही लावू नका, त्यातले कण फोटोत ठिपक्यांसारखे दिसू शकतात. पाळी अजून येत असेल तर ती संपल्यानंतरच्या आठवड्यात जा, कमी दुखतं. कुडता-सलवार किंवा साडी, वरचंच काढता येईल असं. रिपोर्टमध्ये 'डेन्स' हा शब्द शोधा. माझ्या जुन्या रिपोर्टमध्येही तो होता, ए ते डी मधला सी प्रकार, पण कोणी अर्थ सांगितला नव्हता. घट्ट ऊती मॅमोग्राफीत पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे अशा बाईने सोबत सोनोग्राफी हवी का हे स्वतःहून विचारावं. आणि प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीत असाल तर बिल टाकू नका, आरोग्य तपासणीच्या वजावटीत ५००० पर्यंत दाखवता येतात.

मॅमोग्राफी सगळ्यांना परवडत नाही हेही खरं. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंचं वय माझ्याएवढंच. माझं रामायण ऐकून त्या म्हणाल्या, आम्ही काय करायचं मग? त्यांना मी टाटा मेमोरियलच्या मुंबईतल्याच अभ्यासाचं सांगितलं. १९९८ पासून त्यांनी इथल्या वस्त्यांमधल्या दीड लाखाच्या वर बायकांवर तो केला, निम्म्यांची दर दोन वर्षांनी शिकवलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. मशीन नाही, सीडी नाही. सरकारी कार्यक्रमातही तिशीपुढच्या बाईची अशी तपासणी करायची असते.

ताई पालिकेच्या दवाखान्यात जाऊन आल्या. रांग मोठी होती म्हणाल्या, पण तपासायला बाईच होती आणि काही सापडलं नाही. मी विचारलं, कागद दिला का? पिशवीतून काढून दाखवला. तारीख होती, शिक्काही होता. फक्त नावात चूक होती, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना दुरुस्त करून आणायला परत पाठवलं. माझ्यावर जरा चिडल्याच.