पदाच्या डोक्यावरची ‘चाल’

संगीत नाटकाची जुनी छापील प्रत हाती आली की माझी नजर आधी पदाच्या डोक्यावर छापलेल्या बारीक ओळीकडे जाते. पद कोणत्या चालीवर बांधले आहे, हे तिथे उघडपणे सांगितलेले असते : कधी एखाद्या प्रचलित गाण्याचा मुखडा, तर कधी नुसतेच ‘साकी’ किंवा ‘दिंडी’ असे वृत्ताचे नाव. घेतलेल्याचा उल्लेख करण्यात त्या नाटककारांना कमीपणा वाटला नाही, याचे मला फार मोल वाटते.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात पारशी मंडळीचा उर्दू ‘इंद्रसभा’ पाहिला, कालिदासाचे शाकुंतल मराठीत आणायला घेतले आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी त्याचे पहिले चार अंक रंगमंचावर आणले. मराठी रंगभूमीचे जनक विष्णुदास भावे यांच्या खेळांत गाण्याचा भार सूत्रधारावर असे. इथे पात्रे स्वतः गाऊ लागली. (सोकर बापूजी त्रिलोकेकरांनी १८७९च्या ‘नल-दमयंती’त हे आधीच केले होते, आणि ते श्रेय त्यांना द्यायलाच हवे.) किर्लोस्कर मूळचे गुर्लहोसूरचे, त्यामुळे कानडी चाली त्यांच्या कानात होत्याच, कीर्तन, लावणी आणि हिंदुस्थानी राग त्यांना येऊन मिळाले.

त्यांच्याच १८८२च्या ‘सौभद्र’ नाटकात हा मेळ पूर्ण मुरलेला दिसतो. सुभद्राहरण महाभारतातले, अर्जुनाचा त्रिदंडी संन्याशाचा वेष भागवतातला. पण रुसलेल्या रुक्मिणीची कृष्ण ज्या आर्जवाने समजूत घालतो, ते आर्जव सुखवस्तू मराठी घरातले आहे. दिंडीचेच पाहा. १९ मात्रांची ओळ, नवव्या मात्रेनंतरचा विसावा, हे सारे जुने कवी रघुनाथ पंडित यांच्या नल-दमयंती आख्यानापासून तेच आहे. मात्र कीर्तनकार तिच्यातून दुसऱ्याची कथा पुढे नेतो, तर नाटकात तीच दिंडी ज्याच्यावर प्रसंग ओढवला आहे त्याच्याच तोंडी येते, आणि ‘तो’च्या जागी ‘मी’ आल्याबरोबर ओळखीचे वृत्त वेगळेच ऐकू येते. माझ्या मते किर्लोस्करांची खरी नवनिर्मिती इथे आहे.

पुढे १९११च्या ‘मानापमाना’साठी संगीतकार गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या, म्हणजे बनारसकडच्या ढंगाच्या, ठुमरी-दादऱ्यांकडून चाली आणल्या. त्या मूळ रचना आज मराठी रसिकांच्या सहसा कानावर पडत नाहीत. नाट्यसंगीत शिकवणाऱ्यांनी मूळ चीज आणि तिच्यावरचे पद एकापाठोपाठ गाऊन दाखवावे, आणि जुनी नाटके पुन्हा छापणाऱ्यांनी चालीची ती ओळ कृपा करून गाळू नये.