आमची वाटचाल : चात्यांपासून नळीच्या तोंडापर्यंत

घोडपदेवच्या एका औद्योगिक वसाहतीतील तळमजल्यावरच्या गाळ्यात आमचा कारखाना आहे. आज तेथे रायफलींच्या नळीला तोंडाशी बसवायच्या जोडण्यांचे काम चालते, हे ऐकून परळ-लालबागमधील आमच्या जुन्या परिचितांना अजूनही आश्चर्य वाटते, कारण त्यांच्या स्मरणात हा गाळा गिरण्यांच्या चात्या, म्हणजे सूत कातताना गरगर फिरणारे दांडे, सरळ करणाऱ्यांचा आहे. वडील एका कापड गिरणीत टर्नर होते आणि नोकरी सोडून त्यांनी एक जुने लेथ मशीन घेतले, तेव्हा त्यांच्याकडे येणारे काम बहुतेक स्पिनिंग खात्याचेच असे. मिनिटाला हजारो फेरे घेणारी चाती केसभर जरी आऊट, म्हणजे केंद्र सोडून, फिरली तरी सूत तुटते, त्यामुळे हा फरक दाखवणाऱ्या मापकाचा, म्हणजे डायलचा, काटा स्थिर होईपर्यंत जॉब मशीनवरून उतरवायचा नाही, ही शिस्त मला लहानपणीच लागली.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि आमचा धंदा वर्षभरात आटला. पुढची बरीच वर्षे पंपाचे शाफ्ट, छापखान्यांचे रूळ आणि मिळेल ते काम करण्यात गेली. त्या काळाविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. मशीन विकावे लागले नाही, एवढेच समाधान.

नेमबाजीशी आमचा संबंध आला तो वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर सराव करणाऱ्या मुलांमुळे. सन २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये अंजली भागवत हवेच्या रायफलीच्या अंतिम फेरीत पोहोचल्या, त्यानंतर या खेळाकडे वळणाऱ्या मराठी मुलामुलींचा ओघ वाढला होता. त्यांच्यापैकी एकाचे प्रशिक्षक एक दिवस एक्स्टेन्शन ट्यूब घेऊन आमच्याकडे आले. नळीच्या पुढे चढवायची ही पोकळ नळकांडी असते. तिच्यावर फोरसाइट, म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत माशी, बसते आणि त्यामुळे पुढच्या व मागच्या साइटमधले अंतर वाढून नेम अधिक बारकाईने धरता येतो. तक्रार अशी होती की ट्यूबवरची माशी उभी न राहता एका अंगाला कलते. वरवर पाहता ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. परंतु दहा मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि माशी कललेली असली की नेमबाज नकळत ती सरळ दिसावी म्हणून संपूर्ण रायफलच तिरपी धरतो, मग साइट सरकवणारा स्क्रू क्लिक-क्लिक फिरवताना गोळी वर जाण्याऐवजी तिरकी सरकते आणि पोराला वाटते की आपलाच हात हलतो आहे. आम्ही ट्यूबच्या आतल्या बाजूचा आणि क्लॅम्पच्या बैठकीचा मेळ तपासला तेव्हा माशीचा कटच चुकीच्या कोनात असल्याचे आढळले. ते काम अर्ध्या दिवसाचे होते. त्यानंतर मात्र एकाने दुसऱ्याला सांगावे आणि दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी कामे येऊ लागली.

बंदुकीच्या, म्हणजे दारूवर चालणाऱ्या रायफलींच्या, कामाला आम्ही बराच काळ हात लावला नाही, आणि याचे कारण भीती नसून कायदा होता. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्र दुरुस्त करणे हेसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही. कलम ६ नुसार नळी आखूड करायलाही परवाना लागतो. आणि आवाज किंवा ज्वाला कमी करण्यासाठी केलेली जोडणी ही त्या कायद्याच्या व्याख्येत स्वतःच शस्त्र ठरते, ही बाब तर आमच्याकडे चौकशीला येणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना ठाऊक नसते. परवाना हातात पडेपर्यंत आमच्या अनेक चपला झिजल्या. आजही प्रत्येक रायफल नोंदवहीत चढल्याशिवाय आणि मालकाच्या परवान्याशी क्रमांक ताडून पाहिल्याशिवाय आम्ही पेटी उघडत नाही; आवाज दाबणाऱ्या जोडणीबद्दल विचारणाऱ्याला चहासुद्धा देत नाही.

परवान्यानंतर आलेल्या पहिल्याच मोठ्या कामात आमची नाचक्की झाली, ती सविस्तर सांगितली पाहिजे. खांद्याची शस्त्रक्रिया झालेल्या एका गृहस्थांना त्यांच्या वडिलोपार्जित .३०-०६ बोअरच्या रायफलीला मझल ब्रेक बसवून हवा होता. ब्रेकमधल्या छिद्रांतून गोळीमागचा वायू बाजूंना व वर फेकला जातो, त्यामुळे मागे बसणारा धक्का कमी होतो आणि नळीचे तोंड वर उसळत नाही. मी चात्यांच्या सवयीने नळीची बाहेरची बाजू डायलला लावली, काटा शून्यावर आणला, आटे पाडले आणि ब्रेक चढवला. बाहेरून पाहणाऱ्याला सांधा दिसला नसता, इतके ते काम देखणे झाले होते. गृहस्थांनी रेंजवर पाच गोळ्या झाडल्या; पूर्वी वाटीत मावणाऱ्या गोळ्या आता परातभर पसरल्या. ब्रेक काढून पाहिला तर बाहेर पडण्याच्या भोकाच्या एका कडेला चंद्रकोरीसारखी तांब्याची चकचकीत खूण उमटली होती. गोळी जाता जाता ब्रेकला घासत होती.

चूक समजायला दोन दिवस लागले. चातीचे सारे इमान तिच्या बाहेरच्या पृष्ठभागाशी असते. नळीचे इमान मात्र आतल्या भोकाशी असते. लांब भोक पाडताना ड्रिल थोडे भरकटतेच, त्यामुळे बाहेरचा गोल आणि आतला गोल एकाच केंद्रावर असतील असे गृहीत धरता येत नाही, आणि गोळी तर आतल्या वाटेनेच जाणार. त्या ब्रेकचे भोक गोळीपेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर मोठे होते, म्हणजे प्रत्येक बाजूला पाव मिलिमीटरची मोकळीक, आणि माझ्या बाहेरच्या शून्याने ती खाऊन टाकली होती. गृहस्थांना सर्व खरे सांगितले. पैसे परत केले, आटे त्यांच्या संमतीने नव्या केंद्रावर लहान मापात पुन्हा पाडले आणि दुसरा ब्रेक स्वखर्चाने दिला. ती कोर उमटलेला पहिला ब्रेक त्यांनी मागितला नाही. तो लेथशेजारी खिळ्याला टांगलेला आहे.

तेव्हापासून नळीच्या भोकात घट्ट सरकणारी, ग्राइंड केलेली सळई घालून तिच्यावर दोन ठिकाणी डायल लावल्याशिवाय लेथच्या चार जबड्यांच्या पकडीत, म्हणजे चकमध्ये, एकही काम आम्ही सुरू करत नाही. एकाच ठिकाणी काटा स्थिर असणे पुरेसे नाही, कारण भोक केंद्रावर असूनही तिरके असू शकते. हेच शोल्डरचे. ज्या खांद्यावर ब्रेक टेकतो तो आट्यांना अचूक काटकोनात हवा. १६ मिलिमीटर व्यासाच्या बैठकीत एका बाजूला ५० मायक्रॉनचा बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची कोर, राहिला, तर ७५ मिलिमीटर लांबीच्या ब्रेकचे पुढचे टोक जवळपास पाव मिलिमीटर बाजूला सरकते, म्हणजे मोकळीक पुन्हा संपली.

राहिला कोनाचा प्रश्न. ब्रेकची वरची छिद्रे खरोखर वरच असावी लागतात, नाहीतर नळीची उसळी नुसती थांबण्याऐवजी नळी तिरकी ढकलली जाते. आटे संपतात तेथे ब्रेक हवा तसाच उभा राहील, असे नशीब कोणाचेच नसते. चिरडून बसणारा वायसर घालणे हा यावरचा सोपा उपाय बाजारात मिळतो; तो एकदाच चालतो, आणि अनेकदा एका बाजूने अधिक दबतो, म्हणून अचूकतेच्या रायफलीला तो आम्ही लावत नाही. आम्ही सपाट शिम, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ चकत्या, वापरतो. इंचाला २८ आटे असतील तर एका फेऱ्यात ब्रेक ०.९ मिलिमीटर पुढे जातो, म्हणजे दहा अंशांसाठी साधारण एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. हाताने घट्ट केल्यावर ब्रेक उभ्या रेषेच्या काही अंश अलीकडे थांबला पाहिजे आणि शेवटचा ताण टॉर्क रेंचने, म्हणजे मोजून पीळ देणाऱ्या पान्याने, द्यायला हवा. शिम निवडण्याचे हे गणित आमच्या मुलीने बसवले, आणि मी अजून बोटांवरच मोजतो म्हणून ती हसते.

ऑलिम्पिक प्रकारांच्या रायफलीला ब्रेक लावून द्या, अशी मागणी अधूनमधून येते, विशेषतः एखादे पदक जिंकले गेले की. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवले, त्या आठवड्यात आमचा फोन थांबत नव्हता. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार या रायफलींवर मझल ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर (नळीची उसळी दाबणारी जोडणी) निषिद्ध आहेत आणि एक्स्टेन्शन ट्यूबलाही छिद्रे चालत नाहीत, शिवाय .२२ बोअरच्या छोट्या काडतुसाला एवढा धक्का असतोच कोठे, हे समजावून आम्ही त्यांना परत पाठवतो. हवेच्या रायफलीच्या यंत्रणेच्या मागच्या टोकापासून ट्यूबसकट दिसणाऱ्या तोंडापर्यंतची लांबी ८५० मिलिमीटरच्या आत लागते, त्यामुळे ट्यूबची लांबीही आम्ही आधी मोजपट्टीवर ठरवतो, मग दर सांगतो.

पावसाळ्यात नवी कामे कमी घेतो. घोडपदेवच्या दमट हवेत नुकताच फेस मारलेला, म्हणजे सपाट कापलेला, शोल्डर एका रात्रीत तांबूस होतो, म्हणून जून ते सप्टेंबर कापलेला प्रत्येक पृष्ठभाग त्याच दिवशी तेल लावून बंद करावा लागतो आणि शिमांचे डबे तांदळाच्या पुरचुंड्या घालून ठेवावे लागतात. तपासणीचे पैसे आम्ही वेगळे घेतो, आणि सळई घातल्यावर नळीचे भोकच केंद्राच्या फार बाहेर असल्याचे दिसले तर तेवढेच घेऊन, जोडणी न करता, रायफल परत करतो. यावरून गिऱ्हाईक नाराज होते. खिळ्यावरचा तो ब्रेक काढून त्यांच्या हातात दिला की बहुतेक जण भोकाच्या कडेवरून बोट फिरवतात आणि पेटी बंद करतात.