छिंदवाडा ते पचमढी: चढाचा दिवस

नागपूरच्या सायकलवाल्यांना चढाचा सराव करायला जागा मोजक्याच. सेमिनरी हिल्स आणि फार तर रामटेकच्या गडमंदिराचा रस्ता. सेमिनरी हिल्सचा चढ धाप लागायच्या आत संपतो, मग खाली येऊन पुन्हा तोच चढायचा. आमच्या ग्रुपने हिवाळाभर हेच केलं, कारण महाशिवरात्रीच्या आधी पचमढी गाठायची होती. पहिल्या दिवशी सावनेर, सौंसर करत छिंदवाड्याला मुक्काम केला. सौंसरपर्यंत तर संत्र्याच्या बागा आणि मराठी बोलणारी माणसं, त्यामुळे राज्य बदललं तरी घर सोडल्यासारखं वाटत नाही. तो दिवस अंतराचा होता. दुसरा चढाचा.

नागपूर साधारण ३१० मीटर उंचीवर, छिंदवाडा ६७५ च्या आसपास आणि पचमढी १०६७. म्हणजे दुसऱ्या दिवशी चारशे मीटरच चढायचं, असं वाटतं. पण हा रस्ता उंची देतो आणि परत घेतो. परासियाहून तामियापर्यंत चढवतो, तिथून देनवा नदीच्या खोऱ्यात उतरवतो आणि मटकुलीला पोचलं की सगळा चढ पुन्हा समोर उभा.

अंधारातच निघालो. परासिया हा कोळसा खाणींचा भाग. ट्रक सुरू व्हायच्या आत तो मागे टाकायचा होता आणि एका ओळीत चालवत तो टाकलाही. तिथून पुढे जंगल, थंडी आणि वळणं.

सपाटीवर आमची शिस्त अशी की पुढच्याने वारा कापायचा, मागच्यांनी त्याच्या आडोशाने चालवायचं आणि थोड्या थोड्या वेळाने पुढचा माणूस बदलायचा. मागच्याचे श्रम त्यात बरेच वाचतात. चढावर हे सगळं संपतं. वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर आला की वाऱ्याचा प्रश्न उरत नाही, उरतं ते स्वतःचं आणि सायकलचं वजन, आणि ते ज्याचं त्यालाच ओढावं लागतं. म्हणून घाटात ग्रुप फुटतो, आणि माझ्या मते फुटावाच. दुसऱ्याच्या गतीने चढणारा माणूस अर्ध्यावर संपतो. एकत्र राहायचं ते थांब्यांवर: आधी ठरवलेल्या जागी पुढच्यांनी थांबायचं आणि शेवटचा पोचून त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत कोणी निघायचं नाही. मागून आलेल्याला विश्रांतीच न देता निघणारे ग्रुप मी पाहिले आहेत. ते मला मुळीच पटत नाही.

आमच्यात शेवटी असायचे बँकेतून निवृत्त झालेले काका. मागे राहायची जबाबदारी माझी होती, त्यामुळे त्यांचं चढणं मी दिवसभर जवळून पाहिलं. चढ उभा राहायच्या आधीच ते गिअर हलका करत. ऐन चढावर पॅडलवर जोर असताना गिअर बदलला तर चेन उतरू शकते. बोलत नसत, वर बघत नसत. पाय एका लयीत फिरत राहत. दर अर्ध्या तासाने दोन घोट पाणी आणि गूळ-शेंगदाण्याचा एक घास, भूक असो नसो. तामियात पोचलो तेव्हा आमच्यातली तरुण पोरं पाय धरून बसली होती आणि काका उभ्यानेच चहा पीत होते.

तामियात दरीच्या कडेला उभं राहिलं की सातपुडा एकामागून एक उलगडत जातो. याच भागात पातालकोट आहे, भारिया आणि गोंडांची गावं पोटात घेतलेली खोल दरी. तिथे जायला वेगळा दिवस हवा.

उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवायचे नाहीत, दाबायचे आणि सोडायचे, हे डॉक्टर ताईंनी सगळ्यांना पुन्हा एकदा सांगितलं. रिम ब्रेकवाल्यांना तर विशेष, कारण सतत घासून रिम तापते. वळणाच्या आधी वेग कमी, वळणात ब्रेक नाही. सगळे नीट उतरले. मटकुलीला जेवलो. देनवाचा पूल ओलांडला आणि घाट सुरू झाला.

या रस्त्यावर आपली विदर्भाची माणसं भेटणार हे माहीत होतं. महाशिवरात्रीला पचमढीजवळच्या चौरागडावर महादेवाला त्रिशूळ वाहायला आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारला जायची आपल्याकडे जुनी रीत. लहानपणापासून ‘हर बोला हर हर महादेव’ ऐकलेलं. तरी सालाच्या झाडांतून तो आवाज खरंच आला तेव्हा अंगावर काटा आला. काटोलकडची मंडळी होती, खांद्यावर त्रिशूळ घेऊन पायी चाललेली.

“कुठून येऊन राहिले बाप्पा?” एका आजोबांनी विचारलं.

“नागपूरहून, आजोबा.”

“सायकलीनं?” ते थांबले. मग काकांकडे पाहून म्हणाले, “तुमीबी?”

काका फक्त हसले, कारण बोलायला श्वास नव्हता. आमचा वेग त्यांच्या चालण्यापेक्षा फार जास्त नव्हता, म्हणून बराच वेळ सोबत झाली. ते नमन म्हणत, आम्ही हर बोला म्हणत साथ देत होतो. काका साथ देत नव्हते, पण त्यांचे पाय त्या ठेक्यावर पडत होते हे मला मागून स्पष्ट दिसत होतं. दिवसभरातले सगळ्यात अवघड किलोमीटर त्यांनी तसेच काढले.

पचमढीत शिरताना दिवे लागले होते. पुढचे सगळे नाक्याजवळ थांबलेले, कोणी खोलीवर गेलं नव्हतं. काका उतरले, सायकल भिंतीला टेकवली आणि पहिलं वाक्य बोलले ते हे की उद्या चौरागड चढायचा, काटोलवाल्यांना शब्द दिलाय. हजारावर पायऱ्या आहेत, ताईंनी आठवण करून दिली. काका म्हणाले, तिथे गिअर नाही ना, मग काळजी कसली. पहाटे पाचला निघायचं ठरलं.