सोळा नॉटचा हिशोब

25 मार्च 2021, गुरुवार. सिंगापूर सोडून आम्ही पश्चिमेकडे निघालो होतो. श्रीलंकेचं दक्षिण टोक उजव्या हाताला मागे पडत होतं. आठ हजार कंटेनर क्षमतेचं जहाज, पुढचं बंदर रॉटरडॅम, वाट सुएझची. जहाजाचा चीफ इंजिनिअर मी. सकाळची राउंड आटोपून इंजिन कंट्रोल रूममध्ये बसतोय तोच ब्रिजवरून कॅप्टनचा फोन आला.

"चीफ, ऑफिसचा मेल आलाय. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, वळसा घालून जायचं झालं तर तेल पुरेल का आणि कोणत्या स्पीडला पुरेल, दुपारपर्यंत कळवायचंय."

दोनच दिवसांपूर्वी, 23 तारखेला, 400 मीटर लांबीचं 'एव्हर गिव्हन' सुएझ कालव्यात आडवं रुतलं होतं. तेव्हा जगाच्या व्यापारातला सुमारे 12 टक्के माल त्या चिंचोळ्या पाण्यातून जात होता. दोन्ही तोंडांशी जहाजं नांगर टाकून थांबायला लागली होती. जहाज मोकळं करायला उतरलेल्या डच कंपनीच्या प्रमुखांनी तर आठवडेही लागू शकतील असं म्हटलं होतं. आमच्या ऑफिसला निर्णय घाईनं घ्यायचा होता, कारण आमची जागाच तशी होती. श्रीलंकेच्या दक्षिणेला दोन्ही वाटा फुटतात. एकदा एडनच्या आखाताकडे सरकलं की केपचा वळसा तासागणिक लांबत जातो.

मी तीन साबला, म्हणजे थर्ड इंजिनिअरला, हाक मारली. "सगळ्या टाक्यांचं साउंडिंग घे. रिमोट गेजचे आकडे नकोत, हातानं टेप सोडून घे."

पोरगा हुशार. टेप सोडून तेलाची खोली मोजली, तापमानं घेतली. जहाज पुढून-मागून किती कललंय त्याची दुरुस्ती लावली, घनतेचा हिशोब केला आणि तळाशी राहणारं, पंपाला न येणारं तेल वजा केलं. तापलेलं तेल फुगतं, त्यामुळे नुसत्या खोलीवर विसंबलं तर टाकीत आहे त्याहून जास्त दिसतं. रोजच्या कामात अशा फरकानं फारसं अडत नाही. त्या दिवशी मात्र पुढचा किनारा गाठायचा की नाही, हे त्यावर ठरणार होतं. आकडा आला 2,600 टन. सुएझमार्गे रॉटरडॅमला ते भरपूर होतं. केपमार्गे काय, ते काढायचं होतं.

सिंगापूर ते रॉटरडॅम सुएझमार्गे सुमारे 8,300 सागरी मैल, केपमार्गे सुमारे 11,800. आम्ही होतो तिथून केपमार्गे साधारण 10,500 उरत होते, म्हणजे सुएझपेक्षा 3,800 च्या आसपास जास्त. मग मी वेगाचा तक्ता काढला.

जहाजाच्या इंजिनवर काम करणाऱ्याला एक नियम पाठ असतो: दिवसाचा तेलाचा खप वेगाच्या साधारण घनात वाढतो. पाणी बाजूला सारायची किंमत वेगाबरोबर अशी भडकत जाते. आमचं जहाज 24 नॉटला, म्हणजे तासाला 24 सागरी मैल वेगाला, दिवसाला सव्वादोनशे टन खायचं, 21 ला दीडशे, 18 ला 95 आणि 16 ला 67. वेग एक तृतीयांशानं उतरवला की खप तिसऱ्या हिश्शाच्याही खाली जातो. हवामान, तळाला चढलेलं शेवाळ, प्रोपेलरचं पाण्यात घसरणं यांनी आकडे इकडेतिकडे होतात, पण आलेखाची चढण तशीच राहते.

तीन साबनं लगेच विचारलं, "सर, मग बारा नॉटला गेलो तर? तेलच तेल उरेल."

प्रश्न चांगला होता, म्हणून त्यालाच फळ्यावर उभं केलं. मेन इंजिनखेरीज जनरेटर असतात. डेकवर शेकडो रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारे कंटेनर लागलेले, आत फळं, मासळी, औषधं. त्यांच्या कॉम्प्रेसरना जहाज कोणत्या वेगानं चाललंय याचं काही देणंघेणं नसतं. जनरेटर दिवसाला 14 टन घेणारच, जहाज पळो वा रांगो. म्हणून 18 वरून 16 ला उतरलं की प्रवास तीन दिवसांनी लांबतो आणि सुमारे 440 टन वाचतात. 14 वरून 12 ला उतरलं तर पाच दिवसांहून जास्त जातात आणि वाचतात जेमतेम 300. हळू जाण्यालाही तेल लागतं. त्याच्या चेहऱ्यावर ते उमटलेलं मी पाहिलं, आणि खरं सांगतो, त्या सकाळचा तो क्षण मला निर्णयाइतकाच मोलाचा वाटतो.

तक्ता असा आला: 21 नॉटला मेन इंजिन आणि जनरेटर मिळून 3,400 टन लागणार, म्हणजे अशक्य. 18 ला 2,650, म्हणजे वाटेत टाकी कोरडी. 16 ला 2,200 च्या थोडं वर. पाचएक दिवसांचा साठा हाताशी राहत होता. केपच्या दक्षिणेला हवा बिघडली तर तेवढा हवाच. अगुल्हासचा प्रवाह आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यानं नैर्ऋत्येकडे वाहतो, तो आम्हाला ढकलणार होता. पण नैर्ऋत्येकडूनच दणकट लाटा आल्या की त्याच प्रवाहावर समुद्र भयंकर उभा राहतो. प्रवाहाचा फायदा मी हिशोबात धरला नाही.

बारा वाजता कॅप्टनसमोर कागद ठेवला. ते म्हणाले, "ऑफिस अठरा मागेल. डर्बनला बंकर घेऊन." बंकर म्हणजे जहाजाचं तेल.

"मागू दे. पण अठराची किंमत त्यांच्यासमोर असू दे," मी म्हणालो.

ती किंमत आम्ही दोघांनी मिळून मांडली. तेव्हा तेल टनाला 500 डॉलरच्या आसपास होतं. केपच्या वळशासाठी 16 नॉटला सुमारे 800 टन जादा, म्हणजे चार लाख डॉलर. या आकाराच्या जहाजाचा सुएझचा टोलही काही लाख डॉलर असतो. दोन्ही रकमा शेजारी लिहिल्यावर कॅप्टन थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. पैशात दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच होत्या.

हा योगायोग नाही. कालवा जहाजाला वाचलेलं तेल आणि वाचलेले दिवस विकतो, आणि त्या बचतीचं मोल तेलाच्या भावावर ठरतं. 2020 च्या वसंतात तेल कोसळलं, 20 एप्रिलला तर अमेरिकन कच्च्या तेलाचा वायदा शून्याच्याही खाली गेला. तेव्हा कालवा सताड उघडा असूनही काही कंटेनर जहाजं टोल वाचवायला मुद्दाम केपमार्गे गेली, आणि कालव्याच्या प्राधिकरणाला सवलती जाहीर कराव्या लागल्या. तेल स्वस्त झालं की लांबची वाट जवळची होते. नकाशावरचं अंतर तेवढंच राहतं, व्यापारातलं अंतर तेलाच्या भावावर हलतं.

याचा उलटा अनुभव आमच्या आधीच्या पिढीनं घेतला. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला एका अमेरिकन कंपनीनं एसएल-7 नावाची आठ कंटेनर जहाजं बांधली. वेग 33 नॉट. तेव्हा तेल पिंपाला तीन डॉलरच्या आसपास होतं आणि तो वेग परवडेल असं गणित होतं. ऑक्टोबर 1973 च्या अरब देशांच्या तेल-निर्बंधांनंतर काही महिन्यांत भाव चौपट झाला. जहाजं उत्तम होती, इंजिनं उत्तम होती, पण मालवाहतुकीत त्यांना पोसणं जमेना. अखेर 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन नौदलानं ती घेतली. इतकी सुंदर जहाजं एका भावानं बाजाराबाहेर काढली, याचं मला अजून वाईट वाटतं. पुढे 2008 नंतर मंदी आली, भाडी पडली, जहाजं जास्त झाली, तेव्हा सगळ्यांनीच वेग उतरवला. मी ते इंजिनरूममध्ये पाहिलंय: पूर्ण भारासाठी बांधलेली इंजिनं अर्ध्याहून कमी भारावर, इंजिनाला जादा हवा पुरवणारे ऑक्झिलरी ब्लोअर सतत चालू, टर्बोचार्जरवर काजळी. अर्थव्यवस्था थंडावल्याची बातमी मला वर्तमानपत्राआधी आरपीएमच्या काट्यावर वाचायला मिळाली.

त्या दुपारी आणखी एक हिशोब केला, ऑफिसनं मागितला नव्हता तरी. रॉटरडॅमपर्यंतचं 2,200 टन तेल भरलेल्या कंटेनरांत वाटलं तर एका वीस फुटी डब्यामागे सुमारे 300 किलो पडतं. दीडशे डॉलरचं तेल, आणि एक डबाभर माल आफ्रिकेला वळसा घालून अर्ध्या पृथ्वीपलीकडे. इतक्या दूर बनवलेली वस्तू दुकानात स्वस्त का मिळते, त्यातलं बरंचसं उत्तर या आकड्यात आहे. मोठं जहाज, मंद वेग, आणि तेलातली निम्मी ऊर्जा प्रोपेलरपर्यंत पोचवणारं दोन-स्ट्रोक इंजिन. एवढ्या आधारावर कारखाने आणि गिऱ्हाईक एकमेकांपासून हजारो मैल दूर जाऊन बसलेत.

पण या स्वस्ताईत वेळ धरलेला नाही. आमच्या डब्यांमधले सुटे भाग कुठल्यातरी कारखान्याला ठराविक दिवशी हवे होते. आणि रिकामे झालेले हेच डबे परत पूर्वेला पोचले तरच तिथला पुढचा माल निघणार होता. डबे वेळेवर फिरले नाहीत की भाडी चढतात, आणि 2021 मध्ये ती अनेक पटींनी चढली. भाडं चढलं की तेच ऑफिस म्हणतं, पळवा. तेलाच्या भावाला भाडं जेवढं भारी, तेवढा वेग जास्त.

चारच्या सुमारास उत्तर आलं: केप, 16 नॉट, वाटेत बंकर नाही. कॅप्टननं जहाज नैर्ऋत्येला वळवलं. खाली आम्ही हळूहळू भार उतरवला, सिलिंडर ऑइलचं प्रमाण नव्या भाराला जुळवलं, एक्झॉस्टची तापमानं स्थिरावेपर्यंत थांबलो.

29 तारखेला 'एव्हर गिव्हन' तरंगलं आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रांगही संपली. थांबलेली जहाजं आमच्या आधी पोचली. मला त्याची खंत नाही. त्या गुरुवारी हातात जे होतं त्यावर तो निर्णय योग्यच होता, आणि तो घेता आला तो टाकीत तेवढं तेल होतं म्हणून.

हीच गोष्ट तीन साबच्या डोक्यात घोळत राहिली असावी. रात्रीच्या वॉचला तो फळ्यापाशी उभा होता. त्याला पुढे मिथेनॉल या कमी धुराच्या इंधनावर चालणाऱ्या इंजिनांचं प्रशिक्षण घ्यायचं होतं.

"सर, आपल्या 2,600 टनांच्या जागेत मिथेनॉल असतं तर?"

"काढ की."

मिथेनॉलमध्ये किलोला सुमारे 20 मेगाज्यूल, आमच्या तेलात 40 च्या वर. शिवाय मिथेनॉल हलकं, त्यामुळे तेवढ्याच जागेत वजनही कमी मावतं. सगळं धरून ऊर्जा चाळीस टक्क्यांच्या आसपास. त्यानं 16 नॉटला दिवसाचे 81 टन धरून भागलं. तेरा दिवस, पाच हजार मैल.

"केप ओलांडून थोडं पुढे," तो म्हणाला. "मग टाक्या अडीचपट मोठ्या कराव्या लागतील."

"त्या जागेत मावणारे डबे कमी होतील. त्यांचं भाडं कोण भरेल, तेही काढ," मी म्हटलं. धूर कमी करायचा आहेच, मलाही तो कमी झालेला हवा आहे. आणि म्हणूनच ते गणित पुरं झालेलं मला पाहायचं होतं. त्यानं फळा पुसला आणि नव्यानं लिहायला घेतलं.