टाकून द्यायचं अक्षर

खानापुरात मी पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना बायॉलॉजी शिकवते. मराठी माध्यमातून आलेली पोरं स्प्लायसिंगचा, म्हणजे आरएनएच्या कापाजोडीचा, धडा आला की गप्प होतात, आणि मला तर तोच सगळ्यात आवडतो.

जनुकावरून नुकताच उतरलेला आरएनए, म्हणजे प्रथिनाच्या मजकुराची नक्कल, कच्चा असतो. पुढच्या टोकाला टोपी बसते, मागे अॅडेनिनची, म्हणजे ए या अक्षराची, लांब शेपटी लागते. पण खरं काम मधलं: इंट्रॉन म्हणजे मधले टाकाऊ तुकडे काढायचे, एक्झॉन म्हणजे राखायचे तुकडे सांधायचे. इंट्रॉनची सुरुवात बहुधा जीयू या अक्षरांनी, शेवट एजीने. हे तुटक जनुक शार्प आणि रॉबर्ट्स या शास्त्रज्ञांना १९७७ मध्ये एका विषाणूत दिसलं; १९९३ चं नोबेल त्याचंच.

फळ्यावर मी नेहमी बीटा-ग्लोबिन या हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनाचं जनुकच काढते. तीन एक्झॉन, दोन इंट्रॉन. माझ्या भाचीला थॅलेसेमिया, म्हणजे हेच ग्लोबिन पुरेसं न बनण्याचा आजार आहे, वहिनी तिला रक्त चढवायला बेळगावला नेते. भारतात या आजारात सर्वाधिक आढळणारा बदल पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या अक्षरात असतो: जीच्या जागी सी.

परवा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, जे टाकूनच द्यायचं, ते बिघडलं तर काय झालं?" इतका नेमका प्रश्न! मी तिला फळ्याजवळ बोलावलं. कुठे कापायचं ते आधी यू-१ नावाचा छोटा आरएनए जोडी जुळवून ओळखतो. पाचवं अक्षर बदललं की ती पकड ढिली पडते, मग जवळपासच्या भलत्याच जागी काप बसतो. प्रथिनाच्या मजकुरातलं एकही अक्षर बदललेलं नसतं, तरी ग्लोबिन पुरेसं तयार होत नाही.