रविवारचं वऱ्हाड

बाबांची बुलेट माझ्याकडे आली तेव्हा डोक्यात एकच होतं: रविवारी पहाटे, घर जागं व्हायच्या आत, एकटीनं सुटायचं. डबा नाही, चहा नाही, 'कधी येशील' नाही. तीन-चार रविवार तसे गेलेही. मग इंदूरबाहेर, राऊ गावाच्या पुढे एकदा चाक बसलं, तासभर रस्त्याच्या कडेला ट्रक मोजत उभी राहिले आणि त्याच आठवड्यात मुकाट्यानं मोटरसायकलवाल्यांच्या क्लबात नाव घातलं. एकटीसाठी काढलेली गाडी अशी पंचवीस गाड्यांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली.

क्लबात गाडी चालवतात असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर क्लबात वाट बघतात. राइड सहाची असते. सहाला मी असते आणि टपरीवाला असतो. साडेसहाला चौघं येतात, पावणेसातला 'बस पोहोचलोच' येतं, आणि हे लिहिणारा त्या वेळी आंघोळीला निघालेला असतो. मग कुणाला पेट्रोल टाकायचं आठवतं. आमच्या लग्नात वऱ्हाडाची बस याच चालीनं हलली होती. निदान तिथे मी नवरी होते, मला कुणी हवा भरून आणायला पाठवलं नव्हतं.

निघाल्यावर शिस्त मात्र पक्की. पुढे रोड कॅप्टन, सगळ्यात मागे स्वीप, मधले एक डावीकडून एक उजवीकडून. पुढच्यानं पाय बाजूला काढला की त्या बाजूला खड्डा, बोट वर केलं की एकेरी रांग. ही भाषा मला मनापासून आवडते. तीन शब्द न बोलता पंचवीस माणसं एका खड्ड्याला वळसा घालतात. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे कधी जमलेलं नाही.

पण महूला पोहे खायला थांबलो की शिस्त संपली. पोह्यांवर शेव-जिरावण पडायच्या आत वाद सुरू. इंजिन ऑइल कुठलं, सायलेन्सर कुठला. बुलेट बनते चेन्नईला, पण मालक कंपनी आयशर आणि आयशरचे ट्रक आमच्या पीथमपूरला बनतात. एवढ्या धाग्यावर एक काका बुलेटला माळव्याचीच लेक मानतात. दुसरे काका ते मानत नाहीत. हा वाद माझ्यासमोर सहा वेळा झाला आहे आणि सहाही वेळा जिलबी थंड झाली आहे.

माझं खरं दुखणं वेगळं. बाबांची गाडी १९८६ची. गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. पहिला वर, बाकीचे खाली. सुरू करायची तिची रीत आहे. किक हळूहळू दाबत न्यायची, अँपियर मीटरचा काटा मधोमध आला की थांबायचं, डिकॉम्प्रेशनची, म्हणजे इंजिनातला दाब सोडायची, कळ दाबून किक केसभर पुढे सरकवायची, कळ सोडायची आणि मग पायातला सगळा जोर एकदाच. घाई केली तर किक उलटी येते आणि घोटा आठवडाभर आठवण देतो. मी काट्याकडे बघत असते, नेमकं तेव्हाच मागून येतं, "दीदी, आप रेने दो, मैं लगा देता हूं." दर रविवारी. एकदा मी खरंच राहू दिलं. ते भिया, म्हणजे इंदुरी भैया, सतरा किका मारून घामाघूम झाले. मी काटा मध्ये आणला, एक किक, धडधड सुरू. पुढच्या रविवारी तेच भिया, तेच वाक्य.

क्लबातला सगळ्यात असह्य तो येझदी या जुन्या मोटरसायकलवाला. वयानं माझ्या धाकट्या भावाएवढा, ज्ञानानं आजोबा. म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ साली बंद पडला, पण याचं कीर्तन बंद पडलेलं नाही. येझदीची किक आणि गियर एकाच दांडीत. ती दांडी दाबली की क्लच आपोआप सुटतो, गियर बदलायला हाताच्या क्लचची गरजच नाही. हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणू शकेन.

गेल्या हिवाळ्यात महेश्वरला निघालो होतो, जाम घाटातून. तिथला तो दगडी दरवाजा अहिल्याबाईंनी १७९१ साली बांधलेला. त्याखाली उभं राहिलं की निमाड पायाशी पसरलेला दिसतो. एकटी असते तर मी तिथे तासभर बसले असते. क्लबात असल्यामुळे ग्रुप फोटो निघाला, मग ज्याचे डोळे मिटले होते त्याच्यासाठी पुन्हा निघाला. उतारावर दुसऱ्या वळणाला क्लच ओढला आणि तो मऊ पडून मुठीला टेकला. केबलच्या टोकाची शिशाची गोळी तुटली होती. कशीबशी ब्रेकवर गाडी कडेला घेतली. दोन मिनिटांत मागून स्वीप आला, पुढचे परत फिरले, काकांनी वळणावर उभं राहून ट्रक हळू करायला लावले. पंचवीस जणांचे पंचवीस सल्ले. येझदीवाला काही बोलला नाही. डिकीतून काड्यापेटी काढली, तिच्यातून पितळेची एक बारीक निपल, केबलच्या तारा पिळून तिच्यात ओवल्या, बारका स्क्रू आवळला. दहा मिनिटं. ज्याच्या गाडीला हाताचा क्लच लागत नाही तो क्लचची निपल घेऊन हिंडतो.

नवी केबल टाकायची राहूनच गेलीय. त्याच्या निपलवर गाडी महेश्वरला जाऊन आली, त्यानंतर मांडूलाही. दर रविवारी सव्वासातला तो विचारतो, "दीदी, मेरी निपल?" मी म्हणते, चालू आहे अजून. मग तो येझदीच्या दांडीकडे हात करतो, आणि मी काट्याकडे बघायला लागते.